अठरा खोल्यांचे फोन

मी आयुष्यात मुद्दाम फोडलेली पहिली वस्तू म्हणजे आमचा जुना सेट टॉप बॉक्स. फोडायचं काही ठरवलं नव्हतं. माळा आवरत होते, तो हातातून निसटला आणि पायाच्या अंगठ्यावर पडला. माझं डोकं फिरलं. तसं माझं डोकं फिरायला फारसं काही लागत नाही, हे घरातले सगळे जाणून आहेत. मी स्वयंपाकघरातली भाजी चिरायची सुरी आणली, डब्याच्या फटीत खुपसली आणि असा जोर लावला की सुरीचं टोक मोडलं आणि झाकण टक्कन उघडलं.

आत हिरवी पाटी होती. तिच्यावर बारीक बारीक चांदीचे ठिपके, तांब्याची इवलीशी गुंडाळी, काळ्या चौकोनी गोगलगायी. इतकी वर्षं टीव्हीखाली धूळ खात पडलेल्या या खोक्याच्या पोटात एवढं नीटनेटकं काही असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं. अंगठा ठणकत होता, तरी मी तिथेच फरशीवर बसकण मारली.

समोरच्या खुर्चीत आबा बसले होते. आबा म्हणजे माझे सासरे. ते माझ्याकडे बघत होते, आणि नेहमीप्रमाणे काहीच बोलत नव्हते.

त्यांना झटका येऊन तेव्हा पाच महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती. पाय हळूहळू वॉकरच्या आधाराने उचलायला लागला, हातात थोडी पकड आली, पण तोंड डावीकडे ओढलेलं राहिलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, जीभ जड झाली आहे, ती बोलण्यानेच हलकी होईल. जितकं बोलतील तितकं येईल, गप्प बसले तर आहे तेही जाईल. सुरुवातीला ते बोलायचेसुद्धा, तुटकतुटक. मग एका रविवारी पाहुणे आले. त्यांच्या कडेवरचं लहान मूल आबांच्या तोंडाकडे बघून असं काही रडायला लागलं की त्याला जिन्यात न्यावं लागलं. आम्ही हसण्यावारी नेलं. त्या दिवसापासून आबांनी तोंडाला कुलूप घातलं. काही हवं असलं की उशाच्या स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा, बस. एकदा वाजवला की पाणी, दोनदा वाजवला की बाथरूम.

तळेगावातल्या एका कंपनीत मी बारा वर्षं स्टोअरला होते. आबांसाठी नोकरी सोडली. नवऱ्याची शिफ्ट फिरती, दुसरं कोण करणार? सोडली ती मनापासून, पण दिवसभर त्या चमच्याचा आवाज ऐकून मला कधीकधी रडू फुटायचं. हेही खरंच आहे, लपवत नाही.

तर त्या सेट टॉप बॉक्सनंतर मला नाद लागला. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. काय उघडायचं, काय अजिबात उघडायचं नाही ते शिकले. जुना मोठा टीव्ही आणि मायक्रोवेव्ह यांच्या वाटेला जायचं नाही, वायर जाळून तांबं काढायचं नाही, फुगलेली बॅटरी दिसली की हात मागे. लोहचुंबक लावून बघायचं. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर पुढचा विचार. मी पोह्यांचे, साबुदाण्याचे रिकामे डबे ओळीने मांडले आणि त्यांवर कागद चिकटवले: तांबं, ॲल्युमिनियम, पाट्या, मोटारी, सेल, स्क्रू. बारा वर्षं स्टोअरला घालवलेल्या बाईला डब्यांवर नावं लिहिण्यात किती सुख असतं, ते दुसऱ्याला कळायचं नाही. सोसायटीतल्या बायकांना सांगून ठेवलं, बिघडलेलं काही फेकू नका. महिन्याभरात आमच्या हॉलमध्ये चालायला एक पायवाट तेवढी उरली.

"नोकरीत असताना सामान मोजायचीस, आता फोडतेस," नवरा म्हणाला. "बढती झाली म्हणायची."

श्रावणातली दुपार होती. बाहेर पाऊस धरलेला, घरात दोऱ्यांवर कपडे. मी एका डीव्हीडी प्लेअरशी झटापट करत होते. त्याचा एक स्क्रू काही केल्या हलेना. मी स्क्रू ड्रायव्हर दाबून दाबून फिरवत होते, तो घसरत होता, आणि मी त्या प्लेअरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मान खाली होती. तेवढ्यात वरून आवाज आला.

"त्यो न्हाई."

मला वाटलं टीव्ही. टीव्ही बंद होता.

"त्यो न्हाई. बारका... घे."

मी मान वर केली नाही. का ते माहीत नाही, पण वर बघितलं तर ते पाखरू उडून जाईल असं वाटलं. मी डब्यातून बारीक टोकाचा स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"हा का?"

"व्हय. दाब... आदी. मंग फिरव."

मी आधी दाबला, मग फिरवला. स्क्रू लोण्यातून निघावा तसा आला. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्या प्लेअरच्या झाकणावर टपटप पडलं आणि मी ते पदराने पुसून घेतलं, की पाटी ओली व्हायला नको.

आबा देहूरोडच्या डेपोत फिटर होते. अख्खी नोकरी तिथेच गेली. शेवटची काही वर्षं लष्कराचे फोन दुरुस्त करायच्या विभागात. हे मला लग्नापासून ठाऊक होतं, पण आपल्या घरात फिटर आहे आणि आपण सुरीने खोकी फोडतोय, हे दोन विचार माझ्या डोक्यात एकत्र आलेच नव्हते. त्या दुपारनंतर आमची शाळा सुरू झाली. मी खाली फरशीवर, आबा वर खुर्चीत. रोज आठ-दहा शब्द. "थांब." "उलटं." "चटका बसंल." एकदा तर चक्क, "लय घाई तुला." मी डब्यात स्क्रू एकत्र ओतले की ते नाक मुरडायचे. त्यांना स्क्रू वर्तमानपत्रावर, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडलेले हवे असत. मी म्हणायचे, आबा, हे मोडायचंय, क्रम कशाला? ते डाव्या हाताने स्क्रू सरळ करायचे. पुढेपुढे उजवा हातही कागदावर यायला लागला.

भाद्रपद सरता सरता माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती लोणावळ्याजवळ कुसगावच्या एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम बघते. हॉटेलवाल्यांनी खोल्यांतले जुने फोन काढून नवे बसवले होते आणि जुने मागच्या अंगणात पडले होते. "तुझा तो भंगाराचा छंद चालूय ना अजून? ये घेऊन जा," ती म्हणाली. मी लोणावळ्याला गेले. अठरा फोन होते, सगळे एकाच जातीचे, बदामी रंगाचे, प्रत्येकावर खोलीचा नंबर चिकटवलेला. एकशे एक ते एकशे नऊ, दोनशे एक ते दोनशे नऊ. गोणी घेऊन लोकलमध्ये बसले तर एका फोनचा रिसीव्हर बाहेर लोंबत होता. शेजारच्या बाईने तो उचलून आत ठेवला आणि विचारलं, "विकायला का हो?" मी म्हटलं, "नाही, फोडायला." तिने आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

चार दिवसांत मी अठराच्या अठरा फोन उघडले. प्लास्टिक एका पोत्यात, पाट्या एका डब्यात, रिसीव्हरमधले चकतीसारखे छोटे स्पीकर दुसऱ्यात. ई-कचरा नेणारा माणूस शनिवारी येणार होता आणि मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, माल निवडून ठेवते, तुम्ही फक्त उचला.

गुरुवारी बाजारातून परत आले तर खिडकीच्या कट्ट्यावर सहा फोन. अखंड. एकशे एक ते एकशे सहा, नंबराने ओळीत. मला हसू आलं. आबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते, झोपल्याचं सोंग घेऊन. मी ते सहा फोन पुन्हा उघडले. शुक्रवारी दळण घेऊन आले तर अकरा फोन. ते रात्री उघडू म्हटलं आणि राहूनच गेलं. शनिवारी सकाळी आंघोळ करून बाहेर येते तर पाट्यांचा डबा रिकामा, स्पीकरचा डबा रिकामा, स्क्रूच्या डब्याचा तळ दिसतोय, आणि कट्ट्यावर अठरा. आबांच्या मांडीवर अठराव्याचं झाकण होतं, ते शेवटचा स्क्रू पिळत होते. आणि खालून त्या माणसाच्या टेम्पोचा हॉर्न.

तेव्हा माझं डोकं फिरलं. झटका आलेल्या माणसाने एका धड आणि एका अर्ध्या हाताने अठरा फोन जोडले, हे मला त्या क्षणी दिसलंच नाही. मला रिकामे डबे दिसले.

"आबा, काय चालवलंय हे? मी चार दिवस पाठ मोडून काढलेलं सगळं परत कोंबून ठेवलंत! का जोडता? काय हवंय तुम्हाला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले, ओढले गेले, पण आवाज आला नाही.

"तोंड आहे ना? मग बोला ना तोंडाने!"

आबांनी हातातलं झाकण हळूच बाजूला ठेवलं. डाव्या हाताने धोतराचा सोगा उचलला आणि तोंडावर धरला. मग वॉकर ओढत आत निघून गेले.

त्या दिवशी टेम्पो रिकामा परत गेला. आणि दुपारी आतून पेल्यावर चमचा वाजला. एकदा.

नवऱ्याला सगळं सांगितलं. मी लपवाछपवी करत नाही, ओरडले ते शब्दही तसेच सांगितले. त्याने कट्ट्यावरचा एक फोन उचलून उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाला, "आम्ही लहान असताना रेडिओ उघडला की त्याचं झाकण परत लागेपर्यंत आबा जेवायला बसायचे नाहीत. आई ताट वाढून बसून राहायची. डेपोत तशीच शिस्त होती म्हणे त्यांच्या हाताखाली. उघडलेली वस्तू उघडी टाकून घरी जायचं नाही. दुरुस्त होवो न होवो, सगळे स्क्रू लावून, पुसून, मगच हात धुवायचे. त्यांना मोडणं जमायचंच नाही गं. तू मोडत होतीस आणि ते इतके दिवस बघत होते, हेच खूप झालं."

मी आबांची माफी मागितली. एकदा नाही, तीनदा. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. मी मुद्दाम समोर बसून एक इस्त्री उघडली, मुद्दाम चुकीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, मुद्दाम घसरवला. आबा खिडकीबाहेर बघत राहिले. डॉक्टरांचं बोलणं मला दिवसातून दहा वेळा आठवायचं. गप्प बसले तर आहे तेही जाईल. जे इतक्या महिन्यांनी आलं होतं, ते मी एका वाक्यात घालवलं होतं.

मग नवमी आली. आम्ही बौद्ध, आमच्या घरी खंडेनवमीची पूजा नाही. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. पण नवमीला आबांचं एक ठरलेलं काम असायचं. डेपोत त्या दिवशी मशीनला झेंडूचे हार पडायचे. आबा सगळ्यांबरोबर उभे राहायचे, पेढा खायचे आणि घरी येऊन स्वतःची अवजारांची पेटी उघडायचे. एकेक पाना, पक्कड रॉकेलने पुसायची आणि तेलाचं बोट फिरवायचं. "त्यांनी हळद-कुंकू लावावं, आपुन त्याल लावावं, गंज कुनाची जात बगत न्हाई," हे त्यांचं दर वर्षीचं बोलणं. निवृत्तीनंतरही हा नेम कधी चुकला नव्हता.

यंदा पेटी कॉटखाली तशीच होती. मी ती ओढून काढली. चांगलीच जड होती. आबांच्या पायाशी ठेवली, शेजारी तेलाची वाटी आणि माझ्या जुन्या साडीचा फडका. मग आतून ते अठरा फोन आणून पेटीभोवती मांडले.

"आबा, हे फोन मी मोडणार नाही," मी म्हटलं. "हे तुमचे. तुम्हाला हवं ते करा."

आणि तिथे थांबले नाही. स्वयंपाकघरात जाऊन उगाचच कणीक मळत बसले. थोड्या वेळाने पेटीची कडी वाजली. मी डोकावले नाही. जेवायला वाढायला गेले तेव्हा सगळी अवजारं फडक्यावर चकचकत होती, लहान ते मोठं, ओळीत. आबा मात्र गप्पच.

दसरा झाला. पुढच्या आठवड्यात मी मावसबहिणीकडे कुसगावला गेले. तिच्याकडे रिमोटची पिशवी साठली होती, आणि खरं सांगायचं तर मला कुणाशी तरी बोलायचं होतं. नवऱ्याची दुपारची शिफ्ट होती, म्हणजे सकाळभर तो घरी. परत आले तेव्हा तो डबा घेऊन निघायच्या बेतात होता. माझ्याकडे न बघता चप्पल घालत म्हणाला, "मला काही विचारू नकोस. न सांगायचं कबूल केलंय." आणि गेला.

मी हातपाय धुतले, भाताचा कुकर लावला. तेवढ्यात आतून चमचा वाजला. एकदा.

पाणी घेऊन गेले. आबा कॉटवर बसले होते. त्यांनी पाण्याकडे बघितलंही नाही, डाव्या हाताने दाराकडे बोट दाखवलं. जा. मी परत आले. पुन्हा चमचा. दोनदा वाजवला असेल म्हणून बाथरूमचा दिवा लावून गेले. पुन्हा तेच. जा, जा. आता हाताच्या इशाऱ्यात राग होता. तिसऱ्यांदा चमचा वाजला तेव्हा माझाही पारा चढायला लागला होता. मी मागे फिरले आणि मग मला भिंतीच्या कडेने जाणारी वायर दिसली. आबांच्या खोलीतून निघून, हॉलच्या कडेकडेने, दर हातभर अंतरावर चिकटपट्टी लावलेली. काही पट्ट्या सरळ होत्या, त्या नवऱ्याच्या. बाकीच्या वाकड्या होत्या. वायरीच्या मागोमाग मी स्वयंपाकघरात आले. ओट्याच्या कोपऱ्यात, मिठाच्या बरणीमागे, बदामी रंगाचा फोन होता. एकशे एक. शेजारी कागदाची नळी, तिच्यात माझ्याच डब्यातले सहा सेल एकामागे एक भरलेले, दोन्ही टोकांना तांब्याची तार.

मी रिसीव्हर उचलला. कानात बारीक खरखर होती. आणि तिच्या पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं.

"हॅलो," मी म्हटलं.

"कोन?"

"एकशे एक," माझ्या तोंडून निघून गेलं.

पलीकडे घशातल्या घशात काहीतरी खुदकलं. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

"पोरी," आबा म्हणाले, "माजं तोंड दिसतंय का तितनं?"

मला ते रडणारं मूल आठवलं. तोंडावर धरलेला सोगा आठवला. माझी मान खाली असताना, माझे डोळे स्क्रूवर असतानाच तेवढे ते बोलायचे, हेही तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. बारा वर्षं स्टोअरला काढली, एक वॉशर हरवला तर मला कळायचा. आणि घरातली एवढी गोष्ट मला कळली नव्हती.

"नाही आबा," मी म्हटलं. "इथून काहीच दिसत नाही."

"मंग बोलतो," ते म्हणाले.

कुकरची शिट्टी झाली. मी हात लांब करून गॅस बंद केला, रिसीव्हर कानाला तसाच धरून ओट्याखाली फरशीवर बसले, आणि आबा बोलायला लागले.